हे दुखवट्याचे दागिने नव्हेत

ट्रॅक्टरच्या कारखान्यात तिला सगळे पिचकारी म्हणायचे. पेंट शॉपमधली ती पहिली बाई. हातात दिवसभर स्प्रेगन, आणि तोंडही त्याच जातीचं, एकदा सुटलं की समोरचा न्हाऊन निघाल्याशिवाय थांबायचं नाही. सुटे भाग जोडायच्या असेंब्लीतल्या फिटरशी तिचं लग्न ठरलं तेव्हा त्याच्या दोस्तांनी त्याला विचारलं होतं, "रेनकोट शिवायला टाकलास का?" फिटर नुसता हसला. तो मुळातच शब्द जपून वापरणारा माणूस. पण लग्नानंतर जेवणाच्या सुट्टीत तो असेंब्लीतून चालत पेंट शॉपच्या दारापाशी यायचा, दोघं एकाच डब्यात जेवायची. बोलायची ती, ऐकायचा तो, आणि दोघांनाही त्यात काही कमी वाटत नसे.

कारखाना बंद पडला तेव्हा दोघांच्या नोकऱ्या एकाच दिवशी गेल्या. पिचकारीने आधी मालकांना, सरकारला आणि युनियनला आलटून पालटून शिव्या घातल्या आणि मग कुणाच्या कपाटाला, कुणाच्या फाटकाला रंग दे, अशी कामं सुरू केली. फिटर मात्र बसला. बसला म्हणजे अगदी बसलाच. शेजारच्यांचा नळ गळत असला तर दुरुस्त करून द्यायचा, पण कारखान्याच्या रस्त्याने जायचा नाही. बाजारात जायचं तर तळ्याच्या बाजूने लांबचा वळसा घ्यायचा. घरात कुणी कारखान्याचा विषय काढला की उठून बाहेर. पिचकारीने परोपरीने सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

मग पाडकाम सुरू झालं.

जागा नव्या मालकाने घेतली होती. काही शेड पाडायच्या, काही ठेवायच्या आणि तिथे लहान उद्योगांना गाळे द्यायचे, असं लोक बोलत होते. "माझ्या शेडला कोण हात लावतंय ते बघू तरी," म्हणून पिचकारी मुद्दाम गेली. पाडकामावरचा मुकादम गेटशी खुर्ची टाकून बसला होता. त्याने आधी नाही म्हटलं. त्यावर तिने जे सुरू केलं ते ऐकत बसण्यापेक्षा आत सोडलेलं परवडलं, असं त्याला वाटलं असावं.

पेंट शॉपची शेड उभी होती, पण भट्टी उचकटून बाहेर काढली होती आणि तिच्या शेजारी हुकांचा ढीग पडला होता. हे हूक म्हणजे तिच्या जन्माचे वैरी. ट्रॅक्टरचे भाग या हुकांना टांगून एका ओळीत पुढे सरकायचे. ती रंग मारायची. मग भाग भट्टीत जायचा, रंग भाजून पक्का व्हायचा, आणि रिकामा हूक फिरून पुन्हा तिच्यासमोर. रंग भागावर बसायचा तसा थोडा हुकावरही बसायचा. आज लाल, महिनाभराने निळा, मग पुन्हा लाल. वर्षानुवर्षं फवारा आणि भट्टी, फवारा आणि भट्टी. हूक सुजत सुजत मनगटाएवढे जाड झाले होते. ते साफ करायचे आदेश दरवर्षी निघायचे आणि दरवर्षी कुणीतरी वरवर खरवडून सोडून द्यायचं.

पाडकामवाल्या एका माणसाने लोखंड सुटं करायला अशाच एका हुकावर घण घातला होता. रंगाची ढेप दुभंगून पडली होती. पिचकारीने ती सहज पायाने उलटी केली, आणि पाय तिथेच राहिला.

ढेपेच्या पोटात रेघा होत्या. केसाएवढ्या बारीक, एकावर एक, शेकडो. लाल, निळा, पांढरा, पुन्हा लाल, मध्येच पिवळ्याची एक जाड पट्टी, मग हिरवा. कुठे सरळ, तर कुठे पाण्यात खडा टाकावा तशा वळत गेलेल्या. तिने आयुष्यभर रंग मारला होता, पण तिला दिसायचा तो नेहमी सगळ्यात वरचा.

"काय हरवलं काय?" मुकादमाने हाक मारली.

"या ढेपांचं काय करणार?"

"करायचंय काय? लोखंड भंगारात, रंग कचऱ्यात."

"मग कचरा मी नेते."

मुकादमाने खांदे उडवले. तिने पिशवी भरली, ती भरली तेव्हा ओढणीत बांधलं, आणि ते ओझं काखेला मारून ती गेटमधून अशी बाहेर पडली, जणू कुणी अडवलंच तर बरं होईल.

ती घरी आल्यावर फिटरने पिशवी पाहिली. ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

"हे आत आणू नकोस."

"अहो, बघा तरी एकदा, आत कसं..."

"मला माहीत आहे ते कुठलं आहे." तो उभा राहिला. "मेलेल्या माणसाच्या अंगावरचं काढून कुणी घरी आणतं का?"

"मेलंय कोण? उचलली जीभ, लावली टाळ्याला!" पिचकारी उसळली. पण तो चप्पल घालून बाहेर पडला होता. ती तशीच खाली बसली आणि फिटरच्या व्हाइसच्या जबड्यात एक ढेप अडकवून करवत चालवू लागली. रंग सहजासहजी कापला जात नव्हता. हाताला घाम फुटला, पण करवत तिने खाली ठेवली नाही.

कापलेली चकती कशी घासायची, तिला चकाकी कशी आणायची, हे तिला येत नव्हतं. ते येत होतं तिच्या नणंदेला. फिटरची ही धाकटी बहीण एका सराफाच्या दुकानामागच्या खोलीत बसून खडे बसवायचं काम करायची. नवरा गेल्यापासून त्याच पाटावर, त्याच दिव्याखाली. बोलायला मऊ, पण डोळा असा, की खड्यातला केसाएवढा तडा तिला हातभर अंतरावरून दिसायचा. पिचकारी तिला वन्सं म्हणायची. दोघींचं पटायचं, कारण एकीला बोलायला आवडायचं आणि दुसरीला मान खाली घालून काम करायला.

वन्संनी चकती वॉटर पेपरवर, म्हणजे ओल्या पॉलिश पेपरवर घासली. आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक. सगळं पाण्याखाली आणि तोंडाला फडकं बांधून, कारण जुन्या रंगात शिसं असतं आणि त्याची धूळ छातीत जाऊ द्यायची नसते, हे पिचकारीने बजावलं होतं. शेवटी चकती कापडाने पुसून वन्संनी उजेडात धरली आणि हळूहळू फिरवून पाहिली.

"वहिनी, हे खाणीत सापडलं असतं ना, तर लोकांनी खाण विकत घेतली असती."

"आमच्या हुकाला लागलेलं आहे ते."

"याला कोंदण कसलं करायचं? सोनं नको. सोन्यात हे भाड्याने आल्यासारखं दिसेल."

शेवटी कोंदणालाही त्याच कारखान्याचा माल आला. मोडीत काढलेल्या रेडिएटरांच्या पितळी पट्ट्या मुकादमाकडून आणल्या. वन्संनी त्या तापवून, ठोकून, कानशीने घासून पहिली अंगठी केली. मग कानातले. मग एक हार, सहा बोटं रुंद, गळ्याला बिलगून बसणारा, ज्यात लाल आणि निळ्या रेघा एका चकतीतून दुसरीत अशा जुळवल्या होत्या, की एकच नदी या खांद्याकडून त्या खांद्याकडे चालली आहे असं वाटावं.

अंगठी बोटात घालून वन्सं कामावर गेल्या तर सराफाने ती काढायला लावली. "सोन्याच्या दुकानात रंगाच्या खपल्या घालून बसता? गिऱ्हाईक काय म्हणेल?" सोनाराने कान टोचले म्हणजे दुखत नाही म्हणतात, पण वन्संना चांगलंच दुखलं. त्या आठवड्यातच त्यांनी काम सोडलं. पिचकारी हादरली. "अहो वन्सं, हे काय केलंत? याचं अजून काही खरं नाही!"

"वहिनी, तिथे रोज घरी निघताना हात झटकून दाखवावे लागतात. बोटांना सोन्याचा कण चिकटून जाऊ नये म्हणून. इतकी वर्षं झटकले. आता नाही झटकणार."

यावर पिचकारीने करवत उचलली आणि पुढची ढेप कापायला घेतली.

फिटर घरात असूनही या सगळ्यातून बाहेर होता. दोघी व्हाइसपाशी बसल्या की तो दुसऱ्या खोलीत. पण वन्संच्या हातून हाराची पितळेची कडी काही केल्या नीट बसेना, तेव्हा एका सकाळी टेबलावर कडी आणि अडकवणी बसवून ठेवलेली सापडली. इतकी नेमकी, की बंद झाली की सांधा दिसू नये. कुणी केली हे विचारायची गरज नव्हती. पिचकारी विचारायला तोंड उघडत होती, पण वन्संनी तिचा हात दाबला.

गॅलरीवाली बाई त्यांच्याकडे आली ती अशी. मोठ्या शहरात तिची कलेच्या प्रदर्शनांची गॅलरी होती. ती पाडकामाचे फोटो काढायला आली होती, आणि गेटसमोर चहा पिताना तिला शेजारच्या बाकावर पिचकारीच्या कानातले दिसले. चहा अर्धा टाकून ती उठली. तिने कानातल्याला हात लावायची परवानगी मागितली, कुठून आणले विचारलं नाही, तर "हे कुणी केले?" असं विचारलं. पिचकारीला ती तिथेच आवडली. घरी येऊन तिने एकेक दागिना खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि म्हणाली, "हे दागिने आहेत. गंमत नाही, हौस नाही. दागिने." हे आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

तिच्या गॅलरीत बंद पडलेल्या कारखान्यांवर प्रदर्शन होणार होतं. त्यात हे मांडायचे. पिचकारी आनंदाने हो म्हणाली. प्रदर्शनाचं नाव 'राख' आहे असं कळल्यावर मात्र तिने नाक मुरडलं. "यात राख कुठे आहे?"

"सगळ्या प्रदर्शनाचं नाव आहे ते. तुमच्या एकट्यांचं नाही."

मग फोटो काढायची वेळ आली. पिचकारी ठेवणीतले कपडे घालून, केस नीट बांधून, हार घालून तयार झाली. गॅलरीवाल्या बाईने तिला पडक्या भिंतीसमोर उभं केलं आणि म्हणाली, "कामावरचे जुने कपडे असतील तर बरं. आणि हसू नका. तिकडे, लांब बघा. सगळं गेलं, असं मनात आणा."

"सगळं गेलं तेव्हा मी कपाटं रंगवत होते. लांब बघायला वेळ नव्हता."

"अहो, थोडं तरी गंभीर..."

"रडकं तोंड मला येत नाही हो. तुम्ही आमच्या ह्यांचा घ्या, त्यांचं तयारच असतं."

गॅलरीवाली बाई हसली आणि शेवटी भिंतीचाच फोटो काढून गेली. वन्संनी दागिने कापसात बांधून गॅलरीकडे पाठवले. उद्घाटनाच्या दिवशी तिघंही शहरात गेली. फिटर येणार नव्हता, पण वन्संनी त्याला सांगितलं, "दादा, पेटी जड आहे," आणि धाकट्या बहिणीपुढे त्याचं कधी चाललं नव्हतं. पेटीत त्यांनी ऐनवेळी केलेले काही दागिने होते, पण इतकी जड ती नव्हती.

गॅलरी एका जुन्या गोदामात होती. बाहेर लख्ख दुपार, आत काळोख. डोळे सरावल्यावर पिचकारीला दिसलं, की भिंतींवर मोडक्या मशिनींचे मोठमोठे फोटो आहेत, काचेच्या बरणीत राख भरून ठेवली आहे, आणि मधोमध एका लांब टेबलावर करडं कापड पसरून त्यावर विटांचे तुकडे आणि गंजके पत्रे विखुरले आहेत. वरून कुठूनतरी आवाज येत होता, खोल आणि लांबलेला, जखमी जनावरासारखा. लोक हळू आवाजात बोलत होते.

"आपले कुठे आहेत?" तिने वन्संना विचारलं.

वन्संनी बोट दाखवलं. विटांच्या तुकड्यांमध्ये. हार एका गंजक्या पत्र्यावर अर्धा लोंबत होता आणि वरून एका दिव्याचा मंद, मेणचट उजेड त्यावर पडला होता. त्या उजेडात लाल काळा दिसत होता, निळा काळा दिसत होता, आणि पिवळा चिखलासारखा. रंगाचा अगदी बेरंग.

गॅलरीवाली बाई हात पुढे करून आली. "आलात! कसं वाटलं?"

"दिवे लावा ना."

"लावलेत. प्रकाशयोजना अशीच आहे."

"यात काही दिसत नाही."

"मुद्दामच. लोकांनी जवळ यावं, वाकावं, शोधावं."

"शोधायचं कशाला? आम्ही काही लपवलं नव्हतं."

बाईने तिला बाजूला घेतलं. ती चिडली नव्हती, तिला खरोखरच समजावून सांगायचं होतं. "हे बघा, इथे येणारी माणसं रोज सुंदर वस्तू बघतात. तुमचा हार लख्ख दिव्यात ठेवला तर 'वा, छान' म्हणतील आणि पुढे जातील. रंगापुढून माणूस पुढे जातो. दुःखापाशी थांबतो. तुमच्या गावाचं काय झालं हे लोकांना कळायला हवं की नको?"

पिचकारीने टेबलाकडे वळून पाहिलं. बाई खोटं बोलत नव्हती. समोर खरंच दोघं-तिघं टेबलावर वाकून, ओठ मुडपून, मान हलवत उभी होती. पण पिचकारीला ती ढेप आठवली. ती स्वतः पाय रोवून थांबली होती ती रेघा बघून. दुःख तर त्या आवारात जिकडे तिकडे पडलं होतं, त्यापाशी ती थांबली नव्हती.

तेवढ्यात शेजारून फिटरचा आवाज आला. तो छताकडे बघत होता.

"हा भोंगा आहे?"

"हो, कारखान्याच्या भोंग्याचं रेकॉर्डिंग आहे," बाई म्हणाली. "वेग कमी केलाय. विलापासारखा वाटतो ना?"

"आपला भोंगा असा नव्हता," फिटर म्हणाला. बाईला नाही, बायकोला. "असा कधीच नव्हता. तो वाजला की पोरं ओरडत गेटकडे पळायची."

पिचकारीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं तो डोक्यात जे घेऊन बसला होता, ते इथे कुणीतरी कापडावर मांडून, वर दिवा सोडून ठेवलं होतं, आणि ते त्याला सहन होत नव्हतं. ती टेबलापाशी गेली आणि तिने हार उचलला.

"अहो, हात नका लावू! मांडणी आहे ती!"

"माझ्या गळ्यात मांडते." तिने हार घातला, कडी लावली. विटांच्या चुऱ्याने गळ्याला खरखरलं, तो तिने हाताने झटकला. वन्संनी काही न विचारता कानातले उचलले आणि घातले, मग अंगठी, मग कडं. दोघी दाराकडे चालू लागल्या. त्या लांबलेल्या भोंग्याखाली त्यांच्या चपलांचा फटक फटक आवाज फार मोठा वाटत होता, आणि पिचकारीने तो आणखी मोठा केला.

बाहेर फुटपाथवर ऊन होतं. गोदामासमोर बसचा थांबा. ती थांब्याच्या कडेला उभी राहिली आणि ऊन गळ्यावर पडलं. हार तिला स्वतःला दिसत नव्हता, पण वन्संच्या तोंडाकडे बघून तिला कळलं की तो पेटलाय.

थांब्यावरची एक बाई, हातात भाजीची पिशवी, बस सोडून जवळ आली. "अगं बाई, हे काय आहे? दगड कुठले हे?"

पिचकारीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण उत्तर मागून आलं.

"दगड नाहीत. ट्रॅक्टरचा रंग आहे." फिटर बाहेर आला होता. टेबलावरचे उरलेले दागिने त्याने रुमालात गोळा करून आणले होते आणि रुमाल दोन्ही तळव्यांवर उघडा धरला होता. "हा लाल आमचा नेहमीचा. हा निळा परदेशी ऑर्डरचा. ही पिवळी पट्टी बघा, रोडरोलर केले होते एक वर्ष. आणि हा हिरवा..." तो बोलत होता. अडखळत, पण थांबत नव्हता. ऑर्डरी, बिघडलेल्या मोटारी, संपाच्या आधीची घाई, पेंट शॉपच्या दारातला डबा. पिचकारीने उघडलेलं तोंड मिटलं आणि डोळे पुसायच्या आत नाक पुसून घेतलं. गॅलरीत शिरायला आलेली माणसं फुटपाथवरच थांबत होती, आणि थोड्या वेळाने आतलीही बाहेर येऊ लागली.

मग गॅलरीवाली बाई आली. तिचा चेहरा उतरला होता. "तुम्ही माझं प्रदर्शन मोडलंत."

"तुमचं आत तसंच आहे. आमचं तेवढं बाहेर आलं."

"मी तुमच्यासाठी केलं होतं हे. तुमच्या बाजूने."

"माहीत आहे मला," पिचकारी म्हणाली, आणि तिचा आवाज जरा खाली आला. "तुम्ही पहिल्यांदा दागिने म्हणालात, ते मी विसरणार नाही. पण बाई, तुम्हाला म्हैस मेलेलीच पाहिजे. मेल्या म्हशीला मणभर दूध! आमची मेलेली नाही हो. हे दुखवट्याचे दागिने नव्हेत. आम्ही ते मिरवायला केलेत."

बाईने तिच्या गळ्यातल्या हाराकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "चार दिवस लोक बघतील. पाचव्या दिवशी विसरतील."

"विसरू देत. आम्ही घालून फिरत राहू."

त्या दोघींची पुन्हा कधी भेट झाली नाही. वर्तमानपत्रात प्रदर्शनाबद्दल मोठा लेख आला, त्यात पडक्या भिंतीचा फोटो होता आणि दागिन्यांचा उल्लेखही नव्हता. सराफाने तो लेख वन्संना दाखवायला मुद्दाम माणूस पाठवला. वन्संनी तो वाचला, त्याची घडी केली आणि त्यात पितळेचा कीस बांधून ठेवला.

पुढचे काही महिने कठीण गेले, उगाच कशाला लपवायचं. शहरातून दोन-चार गिऱ्हाइकं आली, बाकी सामसूम. मग एका सकाळी पेंट शॉपमधलीच एक जुनी सोबतीण दारात उभी राहिली. तिला हार नको होता. "मला फक्त निळं दे," ती म्हणाली. "निळा सुरू झाला त्या वर्षी मी कामावर लागले." पिचकारीने ढेपा शोधून, निळा मध्ये येईल अशी चकती कापून दिली. तिच्यामागून दुसरी आली, मग असेंब्लीतला एक म्हातारा कारागीर आला, त्याला बायकोसाठी पिवळं हवं होतं, रोडरोलरच्या वर्षी त्यांचं लग्न झालं होतं. एक माणूस आला तो म्हणाला, ज्या वर्षी संप केला त्या वर्षीचा रंग द्या. "संपात रंग मारलाच नव्हता, तर देऊ काय?" पिचकारीने विचारलं. तो म्हणाला, "मग ज्या दोन रेघांच्या मध्ये तो संप आहे, त्या दोन्ही द्या." तिने दिल्या.

पेंट शॉपची शेड पडली नाही. नव्या मालकाने तिच्यात गाळे केले आणि उत्तरेकडचा एक कोपऱ्यातला गाळा या तिघांनी घेतला, कारण तिथे वरच्या काचेतून दिवसभर सारखा उजेड येतो. पलीकडे एक पावभट्टी, एक शिवणवाली, आणि सायकली रंगवणारा एक तरुण. पहिल्या दिवशी कारखान्याच्या रस्त्याने येताना फिटर गेटपाशी थबकला. पिचकारीने फक्त हातातलं सामान त्याच्याकडे दिलं, तेव्हा त्याला चालावंच लागलं.

आवाराच्या उद्घाटनाचा दिवस ठरला तेव्हा मालकाचा माणूस गाळ्यात आला. पाहुण्यांना भेट द्यायला याच रंगाच्या किल्लीच्या साखळ्या हव्यात, प्रत्येकीवर छापायचं, 'एका युगाचा अस्त'.

"किल्लीला नाही करत आम्ही," फिटर कानस चालवत म्हणाला. "गळ्याला करतो. हाताला करतो."

"अहो, मालकांची ऑर्डर आहे. त्यांच्याच जागेत बसलाय तुम्ही."

"जागा त्यांची. रंग आमचा. आणि अस्त वगैरे आम्हाला छापता येत नाही."

"मग उद्घाटनाला तुमचा काय भाग राहणार?"

"आम्ही येणार ना," पिचकारी म्हणाली. "घालून येणार."

तो माणूस पुटपुटत गेला. मालक गाळा काढून घेईल का, याचा त्या रात्री तिघांनाही घोर लागला, पण कुणी शब्द मागे घ्यायचं नाव काढलं नाही.

उद्घाटनाला मांडव घातला होता. पुढच्या खुर्च्या पाहुण्यांच्या, मागची मोकळी जागा गावाची. गाव आलं, आणि गावाच्या अंगावर रंग होता. म्हाताऱ्यांच्या बोटांत, बायकांच्या कानांत, एका नातीच्या केसांतल्या पिनेवर, संपवाल्या माणसाच्या सदऱ्यावर दोन रेघा. मागची जागा पुरली नाही तेव्हा लोक बाजूंनी पुढे सरकले, आणि थोड्याच वेळात पाहुण्यांच्या दोन्ही अंगांना लाल, निळं, पिवळं चमकू लागलं. प्रमुख पाहुणे कागद घेऊन उभे राहिले. त्यांनी जुन्या वैभवाबद्दल सांगितलं, मग आवाज जड करून म्हणाले, "मित्रहो, तो कारखाना आज आपल्यात नाही. त्याच्या स्मृतीला..."

"ओ साहेब!" पिचकारी ओरडली. "गेलंय कोण? आम्ही सगळे इथेच उभे आहोत!"

आधी एक हसला, मग दहा, मग मांडवभर हशा उठला आणि टाळ्या. वन्संसुद्धा तोंडाला हात न लावता हसत होत्या. पाहुण्यांनी कागदावर आपली जागा शोधली, ती सापडली नाही, तेव्हा त्यांनी कागद खिशात घातला आणि फीत कापायला निघाले. मालकाच्या माणसाने पिचकारीकडे रागाने पाहिलं. तिने हार सरळ केला आणि त्याच्याकडे बघत राहिली, तो दुसरीकडे बघेपर्यंत.

गाळा कुणी काढून घेतला नाही. उलट त्या दिवशी पाहुण्यांबरोबर आलेल्या दोघी बायका गर्दीतून वाट काढत आत शिरल्या आणि रेघांवरून बोटं फिरवत बसल्या. त्यातली एक सायकलवाल्या तरुणाकडेही डोकावली आणि हसत पिचकारीला म्हणाली, "तुमच्या या ढेपा संपल्या की मग?"

पिचकारीने तिला सायकलवाल्याचे हूक दाखवले. त्याने नारिंगी, जांभळा, मोरपंखी असे जे जे रंग मारले होते ते सगळे हुकांवर नखाएवढे जाड बसले होते. "याला मी सांगून ठेवलंय," ती म्हणाली, "खरवडलेस तर हात मोडीन."

सायकलवाल्याने कान पकडले. बाहेर मांडव सोडत होते, खुर्च्यांचा खडखडाट चालला होता. फिटरने गाळ्याचं शटर अर्ध्यावरून पूर्ण वर ढकललं, वन्सं दिव्याखाली जाऊन बसल्या, आणि पिचकारी त्या बाईला विचारू लागली, कान टोचलेले आहेत की चापाचे करू, आणि रंग कुठला.